एकाच डोळ्याच्या पापण्या लांब का होत्या? नवरीच्या आईच्या आय मेकअपची एक केस

पार्श्वभूमी

मी नाशिकला ब्रायडल मेकअप करते, तेरा वर्षं झाली. नवरीचं एक बरं असतं, तिने स्वतःच पन्नास फोटो सेव्ह केलेले असतात, ट्रायल झालेली असते, आणि मुळात वय पंचवीस-अठ्ठावीस असल्यामुळे डोळ्यावर जे लावाल ते लावलं तिथेच राहतं. खरी गंमत तिच्या आईची. पॅकेजमध्ये "आईचा मेकअप" अशी शेवटची ओळ असते, त्याला आम्ही वीस-पंचवीस मिनिटं धरतो, बऱ्याचदा असिस्टंटवर सोपवतो, आणि मग अल्बम आला की आई ओळखू येत नाही नाहीतर आजारी दिसते, आणि ती बिचारी काही बोलतही नाही कारण लग्न मुलीचं होतं. ही केस अशाच एका आईची. काकूंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

काकू ६१ वर्षांच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. गव्हाळ रंग, चेहरा तरतरीत, प्रोग्रेसिव्ह चष्मा, लांबचा नंबरही प्लसचाच. आयुष्यभर मेकअप म्हणजे पावडर, टिकली आणि काजळ. काजळ मात्र रोज, चाळीसेक वर्षं, आणि तेही घरचं. सासूबाई धरायच्या तसं, एरंडेलाची वात लावायची, वर तांब्याची वाटी पालथी घालायची, जमलेली काजळी थोड्या तुपात मळून डबीत भरायची. ती पितळी डबी त्या पर्समध्ये घेऊनच माझ्याकडे आल्या होत्या.

लग्न डिसेंबरात, गंगापूर रोडकडच्या एका लॉन्सवर. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३६ चा मुहूर्त. मुलीची एकच अट, "आई आईच दिसली पाहिजे, फक्त फ्रेश." हे सगळ्याच मुली म्हणतात, आणि फ्रेश म्हणजे नक्की काय ते कुणीच सांगत नाही.

अडचण काय होती

काकूंची तक्रार त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगितली. "डावा डोळा माझा आहे गं, उजवा कुणा म्हातारीचा वाटतो. फोटोत तर फारच." बघितलं तर खरंच होतं. उजवी पापणी जास्त काळपट, तपकिरी छटेची, आणि भुवईखाली खळगा पडल्यासारखा. डावीकडे उलट, तिथे खळगा नाही, वरची कातडी सैल होऊन पापणीवर उतरलेली, ज्याला आम्ही हूडेड म्हणतो. म्हणजे एक डोळा आत गेलेला आणि एकावर छत आलेलं.

आणि एक गोष्ट मला दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस चांगलेच लांब, दाट, काळेभोर. डावीकडचे वयाप्रमाणे विरळ. मी चक्क विचारलं, "काकू, एकाच डोळ्याला मस्कारा लावून आलात का?" त्या हसल्या, मी हसले, आणि विषय तिथेच संपला. तिथे मी थांबायला हवं होतं. तेरा वर्षं माणसांचे डोळे सहा इंचावरून बघतेय, एवढा फरक आपोआप पडत नाही हे मला कळायला हवं होतं.

पहिली ट्रायल आणि ती का फसली

मी नेहमीच्या सवयीने खुर्ची मागे रेलली, रिंग लाइट लावला, काकूंना डोळे मिटायला सांगितलं. उजव्या पापणीचा काळपटपणा झाकायला पीच करेक्टर, वर कन्सीलर, मग दोन्ही डोळ्यांना सारखाच शेड, म्हणजे क्रीजमध्ये (पापणीच्या घडीत) मॅट, बिनचमकीचा ब्राऊन, मधे शॅम्पेन, वर बारीक लायनर बाहेरच्या कोपऱ्यात किंचित वर नेलेलं. डोळे मिटलेले असताना काम अप्रतिम दिसत होतं, मी फोटो पण काढला.

मग खुर्ची सरळ केली आणि काकूंनी डोळे उघडले.

डावीकडचं सगळं गायब. शेड कातडीच्या घडीत गेला, लायनर वरच्या घडीला चिकटून तिथे काळा ठसा उमटला, आणि वर नेलेली शेपटी घडीत मोडून डोळा उलट खाली ओघळल्यासारखा दिसायला लागला. उजवीकडे खळग्यात मॅट ब्राऊन भरल्यामुळे खळगा दुप्पट खोल. कन्सीलर पाचच मिनिटांत बारीक सुरकुत्यांमध्ये जाऊन बसला, आणि काकूंनी चष्मा चढवल्यावर तर बघवेना, कारण प्लसच्या नंबरचा चष्मा डोळा मोठा करून दाखवतो, आणि डोळ्यासोबत ब्लेंड न झालेली प्रत्येक रेघही मोठी करून दाखवतो.

काकू आरशात बघून म्हणाल्या, "छान आहे." ज्या सुरात शाळेत इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना चहा छान आहे ना विचारतात आणि ते म्हणतात ना, तसं.

चूक शेडची नव्हतीच. माणूस मागे रेललं की चेहऱ्याची कातडी कानांकडे सरकते, घड्या निघून जातात, चेहरा दहा वर्षांनी लहान होतो. मी त्या दहा वर्षं लहान चेहऱ्यावर मेकअप केला आणि मग त्यांना उठवून बसवलं. पंचविशीच्या मुलीला याने काही फरक पडत नाही म्हणून सवय लागलेली. त्यात पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, अर्धा मिलिमीटरच्या आसपास, आणि साठीनंतर तिच्यात ताण उरत नाही, त्यामुळे ब्रश फिरला की रंगासोबत कातडीच सरकते. आणि रिंग लाइट समोरून सपाट उजेड टाकतो, त्यात खळगे दिसतच नाहीत. खिडकीजवळ नेल्यावर सगळं दिसलं.

थेंबांची गोष्ट

मेकअप काढायला घेतला. वॉटरप्रूफ लायनर होतं, म्हणून तेलाचं रिमूव्हर घेतलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "या डोळ्यात जाऊ देऊ नको हं, यात मी रात्री औषध घालते."

कसलं औषध? काचबिंदूचं. उजव्या डोळ्यात प्रेशर जास्त निघालं म्हणून दोन वर्षांपासून रोज रात्री एक थेंब, फक्त उजव्याच डोळ्यात.

मला आधी काही माहीत नव्हतं असं नाही, अर्धवट माहीत होतं. पापण्यांचे केस वाढवायचं जे सीरम परदेशातून मागवतात त्याच्यामागची गोष्ट आमच्या लाइनमध्ये बऱ्याच जणींना ठाऊक असते. बायमॅटोप्रॉस्ट नावाचं औषध मुळात काचबिंदूचं, ते घालणाऱ्या पेशंटच्या पापण्या लांब आणि काळ्या व्हायला लागल्या, आणि मग २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तेच औषध पापण्या वाढवायला म्हणून मंजूर केलं. त्या प्रकारच्या थेंबांनी पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळ्याच्या वरची चरबी कमी होऊन खळगा पडू शकतो, डोळा लालसर राहू शकतो. म्हणजे काकूंच्या उजव्या डोळ्याचं सगळं वर्णन. पण मी मेकअपवाली, हे निदान करणं माझं काम नाही, म्हणून मी फक्त मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना या तीन गोष्टी दाखव आणि मेकअपचं पण विचार.

आठवड्याने तिचा फोन. डॉक्टर म्हणाले हो, थेंबांचाच परिणाम, माहितीतला आहे, घाबरायचं काही नाही. थेंब टाकल्यावर पापणीवर ओघळलेलं औषध लगेच टिपून घ्यायचं, एवढं पाळलं तर कातडीवर परिणाम कमी होतो. मेकअप चालेल पण वॉटरलाइनच्या, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेच्या, आत काही नको, आणि थेंब टाकायच्या आधी सगळं धुतलेलं हवं.

आणि मग तिने हळूच सांगितलं की आई वेगळंच ठरवून बसलीये. लग्नाच्या दोन रात्री थेंब टाकायचेच नाहीत, म्हणजे डोळा लाल दिसणार नाही. "दोन दिवसांनी काय होतंय," असं काकूंचं म्हणणं.

या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मेकअपचा नव्हता, तो हा होता. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, कोणी मला विचारलं नव्हतं. पण त्या डोळा लाल दिसू नये म्हणून, म्हणजे फोटोसाठी, म्हणजे एका अर्थी माझ्या कामासाठी औषध सोडणार होत्या. मी काकूंना सरळ फोन लावला. म्हटलं, काकू, लाली मी झाकू शकत नाही पण तिच्यावरून नजर काढू शकते, ते माझ्यावर सोडा, थेंब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, कारण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. काकू जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तू डॉक्टर झालीस का आता?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच दवाखान्यात फोन केला. तिथून उत्तर आलं, एकही रात्र चुकवायची नाही.

पर्याय

दुसऱ्या ट्रायलच्या आधी मी वहीत लिहून काढलं, कारण आता नुसतं हात चालवून भागणार नव्हतं.

उजवी पापणी उजळायची हा पहिला आणि सरळ पर्याय. तो फसलेला दिसलाच होता. गडद पापणीवर जेवढा लेप जास्त तेवढ्या भेगा जास्त, आणि होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी आलं की नेमका तिथलाच लेप निघणार.

दुसरा पर्याय म्हणजे दोन्ही डोळ्यांना अगदी कमी करायचं, नुसतं फाउंडेशन आणि टिकली. काकूंना हे चाललं असतं. पण पैठणी जांभळी, पदर हिरवा, नाकात नथ, केसांत गजरा, एवढ्या सगळ्यात डोळे कोरे ठेवले की चेहरा मागे पडतो आणि साडीच पुढे येते.

तिसरा मला रात्री भांडी घासताना सुचला, खरंच. उजवी पापणी उजळायची कशाला, डावी गडद करू. थेंबांनी उजव्या पापणीला आयता मॅट ब्राऊन आयशॅडो दिलेलाच आहे, इतका एकसारखा ब्लेंड मला ब्रशने जमणार नाही. तोच रंग बेस धरायचा आणि डावी पापणी त्याच्याशी जुळवायची. उजवीकडे काम फक्त खळग्याचं उरतं, आणि खळगा गडद रंगाने आत जातो तर फिकट, किंचित चमकदार रंगाने बाहेर येतो.

लॅशेसचं वेगळंच त्रांगडं. मुलीला आईला खोट्या पापण्या लावायच्या होत्या. पूर्ण पट्टी लावली तर डाव्या सैल पापणीवर तिचं वजन येऊन डोळा अजून मिटणार, आणि उजव्या डोळ्याजवळ गोंद न्यायची माझी तयारी नव्हती. फक्त डावीकडे चार-पाच सुटे केस लावता आले असते, पण काकूंना गोंद सोसतो का हे बघायला कानामागे लावून एक-दोन दिवस वाट बघावी लागली असती आणि त्या त्याला तयार नव्हत्या. मग डावीकडे मस्काराचे दोन हात, उजवीकडे नुसता कर्लर आणि काहीच नाही. मस्कारा ट्यूबिंगचा, जो कोमट पाण्याने बारीक नळ्यांसारखा सुटून येतो, म्हणजे तेल लागत नाही. आणि नवीन कोरा, कारण मस्काराची बाटली उघडून तीन महिने झाले की मी ती कुणाच्याच डोळ्याला लावत नाही, औषध चालू असलेल्या माणसाचा तर प्रश्नच नाही.

उरलं काजळ. याच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. पापणीच्या कडेला बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात, तिथून जे तेल सुटतं त्यामुळे डोळ्यातलं पाणी टिकून राहतं, आणि वॉटरलाइनवर रोज काजळ घासलं की ती तोंडं बुजतात. मग डोळा कोरडा पडतो आणि कोरडा पडला की उलट जास्त पाणी गळतं. हे मी काकूंना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "काजळ नसलं की लोक विचारतात बरं नाही का." आणि त्यांचंही बरोबर होतं. चाळीस वर्षं रोज काळ्या कडेत बघितलेला डोळा एकदम मोकळा दिसला की घरच्यांनाही चुकल्यासारखं वाटतं. तडजोड अशी ठरली की काजळ आत नाही, बाहेर, म्हणजे खालच्या पापण्यांच्या मुळांशी गडद तपकिरी पेन्सिल, ती पण बाहेरच्या अर्ध्या भागात, बोटाने पुसट करून वर त्याच रंगाची पावडर दाबलेली. काळी नाही घेतली कारण ती ओघळली तर लांबून दिसते, तपकिरी ओघळली तर सावलीसारखी वाटते.

काय केलं

दुसरी ट्रायल सकाळी अकराला, खिडकीसमोर, साध्या सरळ पाठीच्या खुर्चीवर. लग्नाच्या वेळचाच उजेड हवा होता.

या वेळी नियम एक, डोळे उघडे, नजर समोर. काकू समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचत होत्या आणि मी त्या वाचत असतानाच डाव्या डोळ्याची खरी घडी कुठे आहे त्याच्या वर, साधारण तीन-चार मिलिमीटरवर, ब्राऊनचा एक ठिपका दिला. तिथपर्यंत रंग न्यायचा, म्हणजे डोळा उघडा असताना तो घडीच्या वर डोकावतो. डोळा मिटला की हे विचित्र दिसतं, भलतंच वर गेल्यासारखं, पण लग्नात काकू डोळे मिटून थोड्याच बसणार होत्या. लायनरची रेघ ओढलीच नाही. ओल्या टोकदार ब्रशने गडद ब्राऊन शॅडो वरच्या पापण्यांच्या मुळांत ठिपके ठिपके करून दाबला, आणि शेपटी डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत न नेता आधीच थांबवली, जिथून घडी खाली वळते त्याच्या अलीकडे.

उजवीकडे पापणीला हातच लावला नाही, फक्त पातळ प्रायमर. खळग्यात त्वचेपेक्षा एकच छटा उजळ सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा शेड, अनामिकेने टेकवत टेकवत बसवलेलं. चमचम नको, दाणेदार चमक सुरकुतीत अडकते आणि एकेक दाणा वेगळा दिसतो. पण "वय झालं की चमक बंद, फक्त मॅट" हे जे सगळीकडे सांगतात ते मला पटत नाही. पूर्ण मॅट डोळा या वयात वाळलेला दिसतो. बारीक दळलेलं सॅटिन चालतं, नाही तिथे चढवलं नाही म्हणजे झालं.

डोळ्याखाली पीच करेक्टर अगदी नखभर, फक्त आतल्या कोपऱ्यात जिथे निळसर आहे तिथे. पावडर जवळजवळ नाहीच. ती एचडी म्हणून मिळते ती पांढरी पावडर तर नकोच, फ्लॅशमध्ये डोळ्याखाली दोन पांढरे डाग येतात.

भुवयांचं लिहायचं राहिलंच होतं. काकूंच्या भुवयांची टोकं बाहेरच्या बाजूला विरळ झालेली, त्यामुळे डोळ्याला वरून आधारच नव्हता. बारीक पेन्सिलने पाच-सात केस काढले, टोक पूर्वीपेक्षा एक गव्हाएवढं वर थांबवलं, आणि खरं सांगते, डाव्या डोळ्यावरचं अर्धं छत तिथेच उचललं गेलं. मुलगी म्हणाली, "बस, आता काही करू नका."

चष्मा काढायचा की नाही यावरही चर्चा झाली. फोटोसाठी काढावा असं फोटोग्राफरचं म्हणणं. पण चष्म्याशिवाय काकूंना स्टेजची पायरी नीट दिसत नाही, आणि कन्यादानाला हातावर पाणी सोडताना मुलीचे हात दिसायला नकोत का? चष्मा राहिला. फोटोग्राफरला एवढंच सांगितलं की काकूंवर लाइट बाजूने टाका, समोरून काचेवर नको.

सीमांतपूजन ही रंगीत तालीम झाली. रात्री दहाला काकूंनी स्वतः कोमट पाण्याने मस्कारा काढला, चेहरा धुतला, थेंब टाकला, पापणी टिपली, आणि मला मेसेज, "औषध घातले. झोप आता." मला झोप म्हणताहेत.

लग्नाचा दिवस

सकाळी साडेआठला काकूंचं संपवून मी नवरीकडे वळले. उजवा डोळा थोडा लालसर होता, तो तसाच ठेवला, फक्त त्या बाजूच्या सॅटिनचा हात जरा वाढवला आणि लिपस्टिक विटेच्या रंगावरून डाळिंबीवर नेली, म्हणजे नजर खाली यावी. फोनवर दिलेला शब्द असा पाळला.

साडेदहाला काकू पैठणी नेसून आल्या आणि मी बघतच राहिले. डाव्या डोळ्यात काजळ! घरचं, डबीतलं, बोटाने भरलेलं. "अहो काकू!" "अगं उजव्यात नाही घातलं, डॉक्टर नको म्हणाले ना. हा तर चांगला आहे." आता यावर काय बोलणार. एवढ्या मेहनतीने जुळवलेले दोन डोळे परत दोन वेगळ्या बायकांचे झाले होते. काळी कड आल्यामुळे डावा लहान, उजवा मोठा.

मुहूर्ताला तासभर, पण नवरीच्या मुंडावळ्या बांधायच्या होत्या आणि गुरुजी आवाज देत होते. काढायचं म्हटलं तर तुपातलं काजळ तेलाशिवाय निघत नाही, तेल गेलं की आजूबाजूचा बेसही जातो आणि डोळा चोळून लाल होतो तो वेगळाच. ठेवायचं म्हटलं तर ते ओघळणार हे नक्की. मी ठेवलं. इअरबडने वरवरचं टिपून घेतलं, आणि उजवीकडच्या खालच्या तपकिरी रेघेवर अजून एक हात देऊन ती डावीच्या जवळ आणली. आणि डाव्या डोळ्याखाली पापण्यांच्या लगेच खाली अर्धपारदर्शक पावडरचा पातळ थर दिला, ओघळ आला तर तिथे अडावा म्हणून. मुलीच्या मावशीला टिश्यूची घडी करून दिली आणि सांगितलं, पुसायचं नाही, कोपऱ्यात खालून टेकवायचं.

मंगलाष्टकांपर्यंत सगळं ठीक. अंतरपाट दूर झाला तेव्हा पहिलं पाणी आलं, मावशीने टेकवलं, काही झालं नाही. होमाला धूर थेट काकूंकडे आला. तिथे मावशी नव्हत्या, त्या जेवणाच्या पंगती बघायला गेलेल्या. काकूंनी पदर घेतला आणि डोळा पुसला, आयुष्यभर पुसत आल्या तसाच, आडवा.

निकाल

पाठवणीच्या वेळी जवळून बघितलं. उजवा डोळा जवळजवळ जसाच्या तसा, कारण तिथे निघून जाण्यासारखं काही लावलंच नव्हतं. डाव्याखाली काळी सावली, गालापर्यंत नाही, पावडरने अडवली, पण होती. वरचा ब्राऊन टिकला, मस्कारा टिकला. पैठणीच्या पदराला जरीजवळ करंगळीच्या नखाएवढा काळा डाग, तो नंतर ड्रायक्लीनला गेला की नाही मी विचारलं नाही.

फोटो महिन्याने आले. समोरून काढलेल्या फोटोंमध्ये दोन्ही डोळे एका बाईचे वाटतात. बाजूने काढलेल्या दोन-तीन फोटोंमध्ये उजवा खळगा अजूनही दिसतो. तो मेकअपने पूर्ण जात नाही, आणि मी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट बोलले असते तर बरं झालं असतं.

काकूंना सगळ्यात आवडलेला फोटो होमाच्या नंतरचा आहे, डाव्या डोळ्याखाली सावली असलेला. मी म्हटलं याच्यात तर काजळ पसरलंय, मी एडिटरला सांगते. तर म्हणाल्या नको, राहू दे, काजळ दिसतंय तरी.

परत केलं तर

पहिला फरक फोनवरच. बुकिंग घेताना पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला मी आता तीन गोष्टी विचारते, डोळ्यात काही थेंब चालू आहेत का, मोतीबिंदूचं वगैरे ऑपरेशन झालंय का आणि कधी, आणि चष्मा कार्यक्रमात लावणार की नाही. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय डोळ्याला ब्रश लावत नाही. एकदा एक बाई रागावल्या, "मेकअपवालीला कशाला हव्यात चौकश्या?" रागावू देत.

रेलायची खुर्ची आयांसाठी बंद. वीस मिनिटं पण बंद, चाळीस धरते आणि पैसे तसे सांगते, काहीजण नको म्हणतात.

काजळाच्या बाबतीत मात्र मी अजून ठरवू शकले नाही. एक मन म्हणतं, डबी आदल्या दिवशीच मुलीकडे द्यायला सांगायला हवी होती. दुसरं मन म्हणतं, मुलीच्या लग्नात सासूबाईंच्या डबीतलं काजळ घालणार नाही असं मी गृहीत धरलं तिथेच चुकलं. डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं. मग सुरुवातीपासून काजळ धरूनच डिझाइन करायचं, डावीकडे मीच साडेआठला बारीक घालून वर पावडर दाबायची आणि उजवीकडची बाहेरची रेघ पहिल्यापासून तेवढी गडद ठेवायची, तर साडेदहाची धावपळ झालीच नसती. बहुतेक पुढच्या वेळी हेच करेन. काळजी एकच, घरच्या काजळाची डबी आणि त्यात रोज जाणारं बोट हे कुठल्याच डोळ्याला फारसं बरं नाही, तेवढं मी बोलत राहणार.

आणि टिश्यूचं काम एकाच माणसाकडे द्यायचं नाही. लग्नात मावशीला पन्नास कामं असतात.

मागच्या महिन्यात काकूंच्या पुतणीचा साखरपुडा होता, त्यांनी स्वतःच मेकअप केला. चष्मा काढला की दिसत नाही आणि घातला की ब्रश जात नाही, म्हणून मुलीने पाचपट मोठं दाखवणारा आरसा आणून दिलाय, आणि एकेक काच वर उचलता येते तो मेकअपचा चष्मा पण. व्हॉट्सॲपला फोटो पाठवला. डाव्या घडीच्या वर ब्राऊन अगदी बरोबर जागी होता, जरा जाड, पण जागी. खाली लिहिलं होतं, "कॅलेंडर वाचत केले."